फ्रीमेसन बंधुसंघातील लष्करी शल्यचिकित्सक

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील शल्यचिकित्सक जेम्स बर्न्स यांच्याकडे १८३६ मध्ये फ्रीमेसनांच्या स्कॉटिश परंपरेतील पश्चिम भारताचे प्रांतिक ग्रँडमास्टरपद आले. भुजला नेमणूक असताना सिंधच्या अमिरांवर उपचार केल्याने त्यांचे नाव आधीच झाले होते. बंधुभावाची शपथ घेणाऱ्या मुंबईतील लॉजची, म्हणजे शाखांची, दारे मात्र एतद्देशीयांना बंद होती. माणकजी करसेटजी यांना नकार मिळाल्याने पॅरिसला जाऊन दीक्षा घ्यावी लागली. परतल्यावरही अडथळा होताच. अखेर बर्न्स यांच्या पुढाकाराने डिसेंबर १८४३ मध्ये ‘रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया’ हे लॉज एतद्देशीयांसाठी स्थापन झाले. अधिकारपदाचा असा उपयोग त्या काळी विरळाच. कोलकात्यात प्रसन्नकुमार दत्त यांना प्रवेशासाठी १८७२ पर्यंत झगडावे लागले.