तळटीप : ‘रोजचा चारचा पाऊस’

१२. रोजचा चारचा पाऊस : फ्लोरिडात उन्हाळाभर दुपारी कोसळणारा गडगडाटी पाऊस. उन्हाने जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते आणि सकाळ सरता सरता खारे वारे आत येऊ लागतात. कोकणात ते एकाच बाजूने येतात. फ्लोरिडाच्या चिंचोळ्या द्वीपकल्पावर मात्र पूर्वेकडून अटलांटिकचे आणि पश्चिमेकडून मेक्सिकोच्या आखाताचे, असे दोन्हीकडून येतात. ते जिथे भिडतात तिथे दमट हवा वर ढकलली जाऊन ढगांचे मनोरे उभे राहतात. त्या दिवसाचा मूळ वारा पूर्वेचा असेल तर ही गाठ पश्चिम किनाऱ्याकडे पडते, पश्चिमेचा असेल तर पूर्व किनाऱ्याकडे. अंदाज बांधताना म्हणूनच तो वारा महत्त्वाचा. तरीही नेमके गाव सांगणे अवघडच, कारण एका ढगातून कोसळलेली गार हवा जमिनीवर पसरून शेजारी नवा ढग उभा करते. १९४६ मध्ये होरेस बायर्स यांच्या नेतृत्वाखालील मोहिमेत विमाने मुद्दाम या ढगांत शिरली. पुढच्या वर्षी ओहायोतही उड्डाणे झाली आणि गडगडाटी ढगाच्या वाढ, भर व ऱ्हास या तीन अवस्था स्पष्ट झाल्या. — संपादक