‘अप्लॉम’ : मनाचा ओळंबा

इंग्रजी क्रिकेट समालोचनात ‘विथ अप्लॉम’ हे शब्द अनेकदा कानांवर पडतात. कठीण प्रसंगी न डगमगता, सहजतेने काम पार पाडण्याची वृत्ती म्हणजे ‘अप्लॉम’. स्पेलिंगच्या अखेरीस ‘बी’ हे अक्षर असले, तरी त्याचा उच्चार सहसा होत नाही.

हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्याचे मूळ शिसे या अर्थाच्या ‘प्लंबम’ या लॅटिन शब्दात आहे. पूर्वी ओळंब्याचे वजन शिशाचे असे. भिंत सरळ आहे की नाही, हे गवंडी ओळंबा सोडून पाहतो. दोरी हलली, तरी वजन पुन्हा सरळ रेषेत येऊन स्थिरावते. या सरळपणावरून पुढे मनाचा ढळू न दिलेला तोल, हा अर्थ रूढ झाला.

‘कॉन्फिडन्स’ आणि ‘अप्लॉम’ यांत भेद आहे. परीक्षेला जाण्यापूर्वीही विद्यार्थ्याजवळ ‘कॉन्फिडन्स’ असू शकतो. ‘अप्लॉम’ मात्र अनपेक्षित प्रश्न समोर आल्यावर, प्रत्यक्ष कृतीतूनच दिसतो.

चेन्नईच्या चेपॉक मैदानावरील दोन सामन्यांतून हा अर्थ स्पष्ट होतो. जानेवारी १९९९ मध्ये पाकिस्तानविरुद्धच्या कसोटीत भारतापुढे २७१ धावांचे लक्ष्य होते. पाठदुखी सोसत सचिन तेंडुलकरने १३६ धावा केल्या. परंतु तो बाद झाल्यावर डाव कोसळला आणि भारत १२ धावांनी हरला. डिसेंबर २००८ मध्ये, मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर काही दिवसांतच, इंग्लंडविरुद्ध ३८७ धावांचे लक्ष्य त्याच मैदानावर समोर आले. वीरेंद्र सेहवागने झंझावाती ८३ धावा करून पाया घातला. अखेरच्या दिवशी सचिनने नाबाद १०३ धावा करून, युवराजसिंगच्या साथीने विजय मिळवून दिला. ही खेळी ‘विथ अप्लॉम’ होती, असे इंग्रजीत निःसंकोच म्हणता येईल. पूर्वीच्या पराभवाची आठवण पुसली गेलेली नव्हती. तिच्या भाराने तोल मात्र ढळला नाही.

वापराविषयी एक सूचना. हे भाववाचक नाम असून त्याचे अनेकवचन सहसा होत नाही. मराठीत प्रसंगानुरूप ‘धीरोदात्तपणा’, ‘अविचलता’ किंवा ‘सहज आत्मविश्वास’ असे प्रतिशब्द योजता येतात.