अंधाराला काय विचारायचे? : प्रस्तावना

वैशाखात, बुद्धपौर्णिमेच्या रात्री, महाराष्ट्रातल्या अनेक जंगलांत माणसे पाणवठ्याकाठच्या मचाणावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या प्राण्यांची नोंद करतात. ही रात्र विचारपूर्वक निवडलेली आहे. ओढे आटलेले असतात, त्यामुळे जनावर उरलेल्या पाण्यावर येते, आणि लख्ख चांदण्यात ते डोळ्यांना दिसते. बाकीच्या रात्रींना मात्र उपकरण लागते. मग नवा अभ्यासक विचारतो : थर्मल कॅमेरा घेऊ की नाईट व्हिजन? सुरुवात याच प्रश्नापासून करू.

दोन्ही उपकरणे अंधारात ‘पाहतात’, पण पाहण्याची वस्तूच निराळी. नाईट व्हिजन उजेडावर जगते. चंद्रताऱ्यांचा मंद प्रकाश भिंगातून आत येतो, त्याचे इलेक्ट्रॉन होतात, बारीक छिद्रांच्या चकतीत त्यांची संख्या कैक पटींनी वाढते आणि ते पडद्यावर आदळून बहुधा हिरवट चित्र उमटवतात. उजेड मुळातच नसेल तर वाढवायचे काय? म्हणून ढगाळ अमावास्येला सोबत अवरक्त दिवा लागतो.

थर्मल कॅमेऱ्याला उजेडाची गरजच नाही. १८०० साली खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शल यांनी लोलकातून सूर्यप्रकाश फाकवला आणि तांबड्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हते तिथे, तापमापक ठेवला. पारा चढला. अवरक्त किरणांची ही पहिली ओळख. प्रत्येक वस्तू आपल्या तापमानानुसार असे किरण सोडत असते. सस्तन प्राण्याच्या अंगातून ते सर्वाधिक बाहेर पडतात ९ ते १० मायक्रॉनच्या आसपास, आणि थर्मल कॅमेरा साधारण ८ ते १४ मायक्रॉनचा पट्टा वाचतो. हे किरण साध्या काचेतून जात नाहीत, म्हणून त्याचे भिंग बहुधा जर्मेनियमचे असते. गाडीची काच लावून थर्मल डोळ्याला लावला, तर बाहेरचा बिबट्या दिसणार नाही, काचच दिसेल. नाईट व्हिजन त्याच काचेतून बाहेर पाहू शकते.

आता पुन्हा पाणवठ्यावर या. पौर्णिमेची ती रात्र नाईट व्हिजनला सर्वांत अनुकूल, आणि थर्मलला नेमकी अवघड. दिवसभर तापलेला काळा कातळ रात्री उशिरापर्यंत गरम राहतो. केसांनी झाकलेले अंग बाहेरून तेवढे गरम नसते. दोहोंतला फरक कमी झाला की जनावर पार्श्वभूमीत मिसळते. पहाटे कातळ निवतो, आणि तेच जनावर उठून दिसू लागते. धुके आणि जोराचा पाऊस मात्र दोघांचीही नजर अडवतात.

आता पाणवठा सोडून उसाच्या फडाकडे वळू. तिथल्याबाबत एक समज खोडायलाच हवा : थर्मल कॅमेरा पाल्याच्या आरपार पाहत नाही. पण पानांच्या फटीतून दिसणारा अंगाचा तळहाताएवढा तुकडाही तो ठळक दाखवतो. नाईट व्हिजनमधून तोच तुकडा पाल्यासारखाच भासतो. म्हणून गावालगत बिबट्या शोधणाऱ्या पथकाच्या हाती थर्मल हवा.

त्याच बिबट्याची ओळख पटवायची असेल तर गणित उलटते. अकोले तालुक्याच्या शेतीपट्ट्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी कॅमेरा ट्रॅप, म्हणजे प्राणी समोर येताच आपोआप छायाचित्र टिपणारे कॅमेरे, लावून बिबट्यांची गणना केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ५ प्रौढ बिबटे आढळले. अशी गणना अंगावरच्या ठिपक्यांवर उभी असते, कारण प्रत्येक बिबट्याची नक्षी वेगळी. थर्मल चित्रात ही नक्षी जवळजवळ पुसली जाते, कारण ठिपका आणि त्याभोवतीची पिवळी जागा सारख्याच उबेची. उलट अवरक्त दिव्याच्या उजेडात काळ्या बिबट्याचीही लपलेली नक्षी उमटते. मलेशियातल्या संशोधकांनी याच युक्तीने काळे बिबटे एकेक करून ओळखले; त्यांचा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला.

कॅमेरा ट्रॅप स्वतःच या दोन विद्यांचा संगम आहे. समोरून काही उबदार सरकले हे त्याचा संवेदक टिपतो, आणि रात्रीचे छायाचित्र बहुधा अवरक्त दिव्याच्या उजेडात निघते. आधी चाहूल, मग ओळख.

माझे मत यातूनच घडले आहे. ‘तिथे कुणी आहे का?’ हा प्रश्न असेल तर थर्मल घ्या. ‘तो कोण आहे, काय करतो आहे?’ हा असेल तर नाईट व्हिजन घ्या. खरेदीआधी दोन्ही उपकरणे कुणाकडून तरी मागून घ्या आणि एकाच जागी, जाणत्या माणसाच्या सोबतीने, एक पौर्णिमा आणि एक अमावास्या काढा. वेळ, तिथी, आभाळ आणि तापमान वहीत टिपा. तुमच्या रानाला कोणता डोळा हवा, हे ती वही कुठल्याही जाहिरातीपेक्षा नेमके सांगेल.