बाशी ईद आणि भंडारदऱ्याचं पाणी

आमच्या घोटीतल्या मुस्लिम घरांत ईदच्या दुसऱ्या दिवसाला बाशी ईद म्हणतात. पहिला दिवस नमाजाचा, शिरखुर्म्याचा आणि पाहुण्यांचा. दुसरा दिवस सैर-तफरीहचा. उरलेली बिर्याणी डब्यात भरायची, अम्मीला खिडकीजवळची जागा द्यायची, पोरांना मागे कोंबायचं आणि बारीवरून भंडारदऱ्याचा रस्ता धरायचा. तासाभराची वाट आहे. मुंबईचे लोक ज्यासाठी हॉटेलात हजारो रुपये मोजतात ते डोंगर आणि तळी आम्हाला अंगणासारखी. अंगणातल्या वस्तूची चौकशी कोण करतं? तरी शाळेत मुलांना इतिहास शिकवताना ती करावीशी वाटते.

या डोंगरात निव्वळ मजेसाठी जाणं ही अगदी अलीकडची गोष्ट आहे. बारी गावाच्या डोक्यावर कळसूबाई आहे, 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. तिची दंतकथा कामाला लागलेल्या एका कोळी मुलीची आहे. झाडलोट आणि भांडी घासणं करणार नाही, या अटीवर कळसू एका घरी कामाला राहिली. एके दिवशी तेच काम तिच्या गळ्यात मारलं गेलं, तशी ती निघाली ती थेट डोंगरावर, आणि परत आलीच नाही. मला ही कथा फार आवडते. कामातून सुटका हवी म्हणून डोंगर गाठणारी या भागातली पहिली बाई तीच म्हणायची!

दुसरी विश्रांती राजाची आहे. 1679 च्या नोव्हेंबरात जालन्याची मोहीम आटोपून परतताना संगमनेरजवळ मोगली फौजेने शिवाजी महाराजांना गाठलं. मोठी लढाई झाली. बहिर्जी नाईकांनी आडवाटांनी महाराजांना पट्टा किल्ल्यावर सुखरूप आणलं. तिथे काही दिवस ते विसावले, म्हणून पट्ट्याचं नाव विश्रामगड. सह्याद्रीतल्या किल्ल्यांची नावं पाहा, बहुतेक लढाऊ, नाहीतर देवाधर्माची. थकलेल्या माणसाच्या आरामावरून पडलेलं नाव मला तरी हे एकच ठाऊक आहे.

हवापालट मात्र रेल्वेने आणला. (यातला 'हवा' अरबी, 'पालट' आपला देशी. वर्गात हे सांगितलं की मुलं हसतात.) 1853 साली बोरीबंदर ते ठाणे गाडी धावली, पण सह्याद्री चढायला तिला आणखी बारा वर्षं लागली. कसारा ते इगतपुरी हा थळ घाटातला मार्ग 1 जानेवारी 1865 ला सुरू झाला. चढ 37 फुटांना एक फूट, म्हणून आजही मेल गाड्यांना कसाऱ्याला मागून जादा इंजिनं लावतात. घाट फोडायला हजारो मजूर राबले. रेल्वे आली आणि इगतपुरी बदलली. 1883 च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरात तिची नोंद एप्रिल-मे महिन्यांत मुंबईचे युरोपियन हवा खायला येतात ते ठिकाण अशी सापडते. ज्यांनी बोगदे खोदले त्यांच्या हवापालटाची नोंद मात्र कुठे नाही.

आता तळ्यांकडे येऊ, कारण खरी गोष्ट तिथे आहे. भंडारदऱ्याला, दारणेला, वैतरणेला आपण तलाव म्हणतो. पण ती निसर्गाने दिलेली नाहीत. ती धरणं आहेत, आणि पहिली दोन दुष्काळाच्या पोटी जन्मली. 1896 ते 1900 या काळात दख्खनने एकामागून एक दुष्काळ पाहिले. सरकारने 1901 साली सिंचन आयोग नेमला. हिशेब सोपा होता: पाऊस घाटमाथ्यावर धो धो पडतो आणि खाली नगर-नाशिकचा पूर्वेचा भाग कोरडा राहतो, तर पाऊस वरच अडवा आणि कालव्यांनी खाली न्या. आमच्या इगतपुरी तालुक्यात नांदगावजवळ दारणा धरण 1916 साली पुरं झालं, त्याचं पाणी गोदावरीच्या कालव्यांना मिळालं. प्रवरेवर भंडारदऱ्याचं काम 1910 मध्ये सुरू झालं. मधे महायुद्ध होऊन गेलं. शेवटी 10 डिसेंबर 1926 रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते उद्घाटन झालं. उंची 270 फूट. तेव्हा देशात याहून उंच धरण नव्हतं. भिंतीला गव्हर्नरचं नाव मिळालं, पाण्याला आर्थर हिल या इंजिनियरचं. याच अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे, सावकार आणि इंग्रजांविरुद्ध उठले आणि 1848 साली ठाण्याच्या तुरुंगात फाशी गेले. त्यांच्या डोंगरातलं पाणी पुढे कितीतरी वर्षं 'आर्थर लेक' म्हणूनच ओळखलं गेलं.

धरण वाया गेलं असं मी म्हणणार नाही. प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला, आणि 1950 च्या सुमारास लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळांनी सहकारी साखर कारखाना काढला. आमच्या शिरखुर्म्यातली साखर त्याच पाण्याची असू शकते. पण पाणी जिथे अडलं तिथल्या महादेव कोळी, ठाकर कुटुंबांची भातखाचरं पाण्याखाली गेली, आणि ती माणसं उताराच्या मुरमाड जमिनीकडे सरकली. पुढे अप्पर वैतरणेचं पाणी मुंबईला गेलं, मुकण्याचं नाशिकला. टंचाईच्या वर्षी दारणेतून जायकवाडीसाठी पाणी सोडतात तेव्हा नाशिक आणि मराठवाडा भांडतात. त्या भांडणात घाटमाथ्यावरच्या पाड्याचं नाव कुणी घेत नाही. राज्यात सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या तालुक्यांत इगतपुरी येतो, आणि मे महिन्यात इथल्याच पाड्यांवर बाया हंडे घेऊन झऱ्याकाठी बसलेल्या दिसतात. माझ्या वर्गातल्या काही मुली उन्हाळ्यात उशिरा येतात. मी कारण विचारत नाही, ओले केस आणि ओले खांदे दिसतात.

बाशी ईदला या वेळी गेलो तेव्हा अम्मी धरणाच्या भिंतीकडे पाहत म्हणाली, "एवढं पानी, आन् बारीच्या बाई हंडा घेऊन?" वाटेत दिसलेली बाई तिच्या मनातून गेली नव्हती. मुलांना मात्र अंब्रेला फॉल बघायचा होता. गोल खडकावरून पाणी छत्रीसारखं पसरतं, फोटो सुरेख येतात. तो धबधबा धरणाच्या मोरीवर चालतो. वरून पाणी सोडलं तरच छत्री उघडते. त्या दिवशी मोरी बंद होती. खडक कोरडा होता आणि चहावाला सांगत होता, आवर्तन सुटलं की या.