ओव्हनआधीची कोंबडी

लिऑमध्ये मी ज्या भाड्याच्या घरात राहत होतो, तिथल्या ओव्हनच्या बटणावर अंश सेल्सियस नव्हते. नुसते आकडे होते, एक ते आठ. मला वाटलं गॅसच्या बटणावरच्या लहान-मोठ्या ज्योतीसारखं काहीतरी असेल, आणि मी बिनधास्त चारवर ठेवून कोंबडी आत सरकवली. तासाभराने बाहेर काढली, तर कातडी फिकट आणि मांडीच्या हाडापाशी लालसर रस. व्हिडिओ कॉलवर आई बघत होती. ती म्हणाली, "अरे, कच्ची आहे ती. कढईत टाक आणि आपला मसाला घाल." तसंच केलं. माझी पहिली फ्रेंच रोस्ट कोंबडी साताऱ्याहून आणलेल्या कांदा-लसूण मसाल्यात संपली. चांगली लागली, हे सांगितलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात हा किस्सा सांगितला. टीममधल्या बाई हसल्या. ते आकडे म्हणजे थर्मोस्टॅटचे. सहा म्हणजे १८० अंश, सात म्हणजे २१०. साधारण तिसाने गुणायचं. फ्रेंच पाककृतींत अजूनही तसंच लिहितात. पुढे त्या म्हणाल्या, "यात शिकण्यासारखं काही नाही. कोंबडी, मीठ, लोणी, ओव्हन. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या दर रविवारी असतं." मग थोडं थांबून स्वतःच म्हणाल्या, "आजीकडे मात्र ओव्हन नव्हता. तिची कोंबडी बेकरीत जायची, पाव काढून झाल्यावर."

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. 'हे पहिल्यापासून असंच आहे' असं कोणी म्हटलं की हात आपोआप जुन्या नोंदींकडे जातो. पिढ्यान्‌पिढ्या रविवारी भाजलेली कोंबडी असेल आणि आजीच्या घरात ओव्हन नसेल, तर ती भाजत होते कोण, आणि खात होते कोण? पुढचे काही महिने शनिवार-रविवार यातच गेले.

पहिली गोष्ट कळली ती ही, की ओव्हनमध्ये केलेलं ते 'रोस्ट' असं म्हणायला जुना फ्रेंच आचारी तयारच झाला नसता. रोस्ट म्हणजे लोखंडी सळईत ओवून उघड्या जाळासमोर फिरवलेलं मांस. जाळावर नव्हे, जाळासमोर. आपण कणीस निखाऱ्यावर धरतो तसं नाही. आग मागे, सळई तिच्यापुढे, आणि खाली लांबट तसराळं, ठिबकणारी चरबी धरायला. सळई सतत फिरती असल्याने रस एका बाजूला ओघळून जात नाही, कोंबडीच्याच अंगावर फिरत राहतो. खालच्या तसराळ्याला 'लेशफ्रीत' म्हणत. आजच्या फ्रेंच ओव्हनबरोबर जो पत्र्याचा ट्रे मिळतो, त्यालाही लेशफ्रीतच म्हणतात. सळई गेली, आग गेली, नाव राहिलं.

ही सळई फिरवायची कोणी? पोरांनी. राजेरजवाड्यांच्या मुदपाकखान्यांत हे काम लहान मुलांचं असे. घामाघूम होऊन तासन्‌तास जाळाशेजारी बसायचं. मध्ययुगीन फ्रान्सचा सर्वांत गाजलेला आचारी गियोम तिरेल, ज्याला 'तायव्हाँ' म्हणून ओळखतात, त्याची पहिली नोंद सापडते ती १३२६ सालची, राणीच्या स्वयंपाकघरातला पोरगा म्हणून. हाच पोरगा पुढे राजाचा मुख्य आचारी झाला आणि त्याच्या थडग्यावरच्या ढालीवर तीन हंड्या कोरल्या गेल्या. बाकीच्या पोरांच्या थडग्यांवर काय होतं, हे विचारण्यात अर्थ नाही.

शहरात पैसे टाकून भाजलेलं मांस विकत मिळे. पॅरिसमध्ये १२६८च्या सुमारास एत्येन ब्वालो या अधिकाऱ्याने शहरातल्या धंद्यांचे नियम लिहवून घेतले, त्यात भाजणाऱ्यांचाही धंदा आहे. त्यांचं नाव तेव्हा हंसांवरून पडलेलं, कारण जास्त खप भाजलेल्या हंसाचा. ते ज्या गल्लीत बसत ती हंसांची गल्ली. पुढे हंसाचा जुना शब्द लोकांच्या तोंडून गेला आणि गल्लीचं नाव 'र्यू ओ उर्स', म्हणजे अस्वलांची गल्ली, असं होऊन बसलं. पॅरिसच्या नकाशावर ती आजही आहे. अस्वलाचा तिथे काडीचा संबंध नाही.

हे झालं शहराचं आणि राजाचं. खेड्यात काय?

खेड्यात एकच चूल, आणि तिच्यावर साखळीला किंवा दातेरी पट्टीला टांगलेलं एक भांडं. त्या पट्टीला 'क्रेमायेर' म्हणतात. फ्रेंच लोक नव्या घरात गेल्यावर मित्रांना जेवायला बोलावतात, त्याला आजही 'क्रेमायेर टांगणं' म्हणतात, म्हणजे आपली वास्तुशांत समजा, भटजी वगळून. त्या भांड्यात कोबी, कांदे, सलगम, असलंच तर मिठातलं डुकराचं मांस. ओव्हन होता, पण गावाचा, म्हणजे खरं तर जमीनदाराचा. अनेक ठिकाणी पाव त्याच्याच भट्टीत भाजावा लागे आणि त्यासाठी पिठाचा किंवा पावाचा वाटा द्यावा लागे. ही सक्ती सरंजामी हक्कांबरोबर फ्रेंच राज्यक्रांतीत मोडली. उरलेसुरले हक्क १७९३मध्ये भरपाईशिवाय रद्द झाले.

अशा घरात कोंबडी भाजणं म्हणजे वेडेपणा. एक तर कोंबडी अंडी देते, ती अंडी बाजारात जातात. ती कापायची कधी? अंडी थांबल्यावर. म्हातारी कोंबडी जाळासमोर धरली तर दोराचं सुंभ होईल. ती उकळायलाच हवी, तीन-तीन तास. शिवाय भाजलेल्या कोंबडीत चौघांचं भागतं, उकळलेल्या कोंबडीच्या पाण्यात पाव बुडवून दहाजण जेवतात. पाहुणे वाढले की रश्शात तांब्याभर पाणी वाढवणाऱ्या घरातून मी आलोय. हे गणित मला कोणी समजावून सांगावं लागलं नाही.

म्हणूनच चौथ्या हेन्रीची ती प्रसिद्ध गोष्ट हंडीतल्या कोंबडीची आहे, भाजलेल्या नाही. १५८९ ते १६१० राज्य केलेला हा राजा म्हणे असं बोलला होता, की माझ्या राज्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या हंडीत रविवारी कोंबडी असावी. गोष्ट नीट लिहिलेली सापडते ती तो मेल्यावर पन्नासएक वर्षांनी, पेरेफिक्स नावाच्या बिशपने लिहिलेल्या चरित्रात. हा बिशप हेन्रीच्या नातवाचा, म्हणजे चौदाव्या लुईचा शिक्षक. आजोबा किती प्रजाहितदक्ष होते हे नातवाला सांगणं त्याचं कामच होतं. पुढे क्रांतीनंतर राजघराणं परत गादीवर आलं, तेव्हा ही कोंबडी पुन्हा बाहेर काढण्यात आली. हेन्रीचा पुतळाही १८१८मध्ये पॅरिसच्या पुलावर परत बसवला. १९२८ साली तर अमेरिकेत रिपब्लिकन पक्षाच्या जाहिरातीत प्रत्येक हंडीत कोंबडी आली. निवडणुकीत जेवणाचं आश्वासन द्यायची कल्पना आपल्याकडची नाही, एवढं समाधान.

मग कोंबडी हंडीतून ओव्हनमध्ये कधी आली? एका तारखेवर बोट ठेवता येणार नाही, पण एका माणसावर नक्की ठेवता येतं. झाँ-बातिस्त आंद्रे गोदाँ. जन्म १८१७, गावातल्या कुलपं करणाऱ्या कारागिराचा मुलगा. तोवर शेगड्या पत्र्याच्या असत. त्याने त्या बिडाच्या ओतायच्या ठरवल्या आणि १८४०मध्ये पेटंट घेतलं. बीड उष्णता धरून ठेवतं, ओतकामाने एकसारखे शेकडो नग निघतात, किंमत उतरते. १८४६मध्ये त्याने कारखाना उत्तरेतल्या गीझ गावी नेला. तिथे घर गरम करायच्या शेगड्या झाल्या आणि स्वयंपाकाच्याही: वर भांडी, पोटात ओव्हन. घरातल्या बाईच्या हाती स्वतःची भट्टी आली. कोणाला वाटा द्यायचा नाही, बेकरीवाल्याची वेळ बघायची नाही.

खरं सांगायचं तर इथे मी कोंबडी विसरून महिनाभर गोदाँच्याच मागे लागलो होतो. हा माणूस शेगड्यांवर श्रीमंत झाला आणि त्या पैशातून त्याने १८५९पासून कामगारांसाठी 'फामिलिस्तेर' नावाचा प्रचंड वाडा बांधायला घेतला. काचेच्या छताखाली चौक, भोवती घरं, शाळा, नाट्यगृह, कपडे धुवायची जागा, पोहण्याचा तलाव. १८८०मध्ये कारखाना कामगारांच्या भागीदारीत दिला. ती भागीदारी १९६८पर्यंत टिकली. आम्हाला कंपनी ऑफिसात बीनबॅग देते तेव्हा केवढा गाजावाजा होतो! मी गीझला जाऊन तो चौक बघून आलो. वरच्या मजल्याच्या कठड्याला कोणाची तरी सायकल टेकवलेली होती.

आता विज्ञान थोडक्यात, कारण माझी दुसरी कोंबडी त्यानेच सुधारली. तपकिरी खमंग कातडी ही अमिनो आम्लं आणि साखर यांच्या अभिक्रियेची करामत. तिचं पहिलं वर्णन १९१२मध्ये लुई-कामिय मायार या फ्रेंच माणसाने केलं. त्याला स्वयंपाकात रस नव्हता, तो शरीरातल्या प्रथिनांचा विचार करत होता. पायऱ्यांची नीट मांडणी केली ती अमेरिकेतल्या जॉन हॉज या कृष्णवर्णीय रसायनशास्त्रज्ञाने, १९५३मध्ये. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच: ही अभिक्रिया साधारण १४० अंशांच्या वर जोर धरते, आणि कातडी ओली असेल तर पाणी उडून जाईपर्यंत ती शंभराच्या पुढे सरकतच नाही. फिरत्या सळईवर आगीची थेट धग आणि मोकळी हवा हे काम आपोआप करायची. ओव्हनच्या बंद पेटीत ते आपण करायचं.

म्हणून आदल्या रात्री दीड किलोच्या कोंबडीला आतून-बाहेरून मीठ चोळायचं आणि फ्रीजमध्ये उघडीच ठेवायची. कातडी कागदासारखी कोरडी होते. दुसऱ्या दिवशी तासभर बाहेर. पोटात अर्धं लिंबू, थाइमच्या दोन काड्या, ठेचलेला लसूण. अंगाला लोणी. लेशफ्रीतमध्ये बटाट्याच्या फोडी. आधी सातवर वीस मिनिटं, मग सहावर पाऊण-एक तास. मांडीच्या जाड भागात ७४ अंश झाले की काढायची आणि पंधरा मिनिटं तिला हात लावायचा नाही. ट्रेमध्ये अर्धी वाटी गरम पाणी ओतून तळाशी चिकटलेलं खरवडलं, की तोच रस्सा. बस. मसाला नाही म्हणून आई हळहळते.

राहिली कोंबडी स्वतः. लिऑच्या ईशान्येला ब्रेसचा मुलूख आहे. तिथल्या कोंबडीचे पाय निळे, पिसं पांढरी, तुरा लाल, म्हणजे चालता-फिरता फ्रेंच झेंडा. तिच्या नावाला १९५७पासून कायद्याचं संरक्षण आहे. किंमत बघून मी दुकानातून नम्रपणे बाहेर आलो. मी घ्यायचो ती लाँदची पिवळी. पन्नास-साठच्या दशकांत फ्रान्समध्ये कारखानी ब्रॉयलर आला तेव्हा लोक वैतागले; झाँ फेरात्सारख्या गायकाच्या १९६४च्या गाण्यात शहरी आयुष्याची खूण म्हणून हार्मोनवाली कोंबडी येते. त्या वैतागातून 'लेबल रूज' नावाचा शिक्का आला आणि तो पहिल्यांदा मिळालेली कोंबडी ही लाँदची पिवळी, १९६५मध्ये. ही किमान ८१ दिवस वाढवावी लागते, मोकळ्यावर. ब्रॉयलर त्याच्या निम्म्या वयात कापला जातो.

ती पिवळी का? मका खाते म्हणून, एवढंच मी समजत होतो. पण मक्याचा रंग कातडीत उतरायला एक विशिष्ट जनुक लागतं. पाळीव कोंबडी लाल रानकोंबड्यापासून आली हे डार्विनपासून आपण ऐकतो. २००८मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी दाखवलं की पिवळ्या कातडीचं जनुक त्या लाल पूर्वजाकडचं नाही. ते राखी रानकोंबड्याशी जुळतं. राखी रानकोंबडा फक्त भारतात आढळतो, द्वीपकल्पाच्या जंगलांत, सह्याद्रीत. त्याचं शास्त्रीय नाव 'गॅलस सोनेराती', पिएर सोनेरा या फ्रेंच निसर्ग-अभ्यासकावरून, जो भारतात हिंडून गेला आणि १७८२मध्ये त्यावर पुस्तक काढलं. सोनेरा जन्मला लिऑमध्ये.

माझं आजोळ पाटणजवळ, कोयनेच्या जंगलाच्या कडेला. पहाटे रानकोंबडा आरवायचा तेव्हा आज्जीच्या डालग्याखालच्या कोंबड्या गप्प होऊन ऐकायच्या. जत्रेला त्यातली एक जायची. मग वाटण्या ठरलेल्या: तंगड्या मामांना, काळीज आम्हा पोरांना, आई आणि मामी मिळेल ते, आणि आज्जीच्या ताटात पाठीचा तुकडा. कोणी दुसरं वाढायला गेलं की ती म्हणायची, "मला पाठच आवडती." आम्ही मोठे झालो तसं हे वाक्य आम्हाला टोचायला लागलं. बायकांनी कसं कायम उरलेलं खाल्लं यावर मी कॉलेजात एक निबंधही लिहिला होता, त्यात ही पाठ होती. बक्षीस मिळालं होतं.

लिऑ सोडायच्या आधीच्या रविवारी ऑफिसातल्या बाईंना जेवायला बोलावलं. कोंबडी चांगली झाली होती. त्यांनी सुरी घेऊन सफाईने तंगड्या काढल्या, छाती काढली आणि सगळ्यांना वाढलं. मग सांगाडा उलटा केला, पाठीच्या दोन्ही बाजूंच्या खोबणीतून अंगठ्याने दोन छोटे गोल तुकडे काढले आणि एक माझ्या ताटात ठेवला. याला 'सो-ली-लेस' म्हणतात, म्हणाल्या, जो हे टाकून देईल तो मूर्ख, असा अर्थ. वाढणाऱ्याने हे गुपचूप स्वतःसाठी ठेवायचं असतं.

मी खाल्लं. अख्ख्या कोंबडीत तेवढं मऊ आणि रसाळ दुसरं काही नव्हतं.

रात्री आईला फोन केला आणि विचारलं, आज्जी पाठ कशी खायची गं? आई म्हणाली, "कशी म्हणजे? बोटानं कोरून कोरून. आणि आम्ही मागितली तर द्यायची नाही."