तरवडाचे नाव का बदलले

नवरात्रात धाराशिव जिल्ह्यात घटावर तरवडाच्या पिवळ्याधमक फुलांची माळ चढते. माळरानावर आपोआप वाढणारे हे झुडूप. त्याच्या सालीने कातडी कमावत. इतक्या ओळखीच्या झाडाला शास्त्रात मात्र दोन नावे सापडतात: जुन्या पुस्तकांत कॅसिया ऑरिक्युलाटा, नव्यांत सेना ऑरिक्युलाटा. वनस्पतिशास्त्रज्ञ उगाच नावे बदलतात, ही तक्रार त्यातूनच येते. पण तरवडाच्या बाबतीत ती टिकत नाही. लिनियसने १७५३ मध्ये त्याला कॅसिया या प्रजातीत (जीनसमध्ये) घातले. ‘ऑरिक्युलाटा’ म्हणजे कान असलेली. तरवडाची डहाळी हातात घेऊन पानाच्या बुडाशी पाहा: कानाच्या पाळीसारखी दोन रुंद हिरवी उपपर्णे दिसतील. पुढे रॉक्सबर्गने त्याला सेनात नेले. त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, १८३२ मध्ये छापला गेला. बेंथमने १८७१ मध्ये कॅसियाचा मोठा पसारा एकत्रच ठेवला आणि पुढची शंभर वर्षे तेच मत चालले. १९८२ मध्ये आयर्विन आणि बार्नेबी यांनी तो पसारा फोडला. म्हणजे ‘नवे’ नाव खरे तर रॉक्सबर्गचेच, तेव्हाच दीडशे वर्षे जुने.

फोडण्याचा आधार फुलातच आहे. कॅसियातल्याच बहाव्याच्या फुलात तीन पुंकेसरांचे तंतू लांब आणि नागमोडी वळलेले असतात, फुलाच्या देठावर बारीक छदिका (पानासारखे इवले अवयव) असतात. तरवडात यातले काहीच नाही. म्हणून कॅसिया हे नाव बहाव्याकडे राहिले आणि तरवड सेनात गेला. यावर कोणी म्हणेल, तरवड हे नाव असताना लॅटिनची गरजच काय? गावापुरती नाही, हे खरेच. पण हेच झुडूप तेलंगणात तंगेडू, तमिळनाडूत आवारम. तिघे एकाच झाडाबद्दल बोलत आहेत, हे ठरवायला समाईक नाव लागतेच. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: नाव बदलले की जुनी नोंद हरवते. व्ही. एन. नाईक यांचे उस्मानाबाद जिल्ह्यातील वनस्पतींवरचे ‘फ्लोरा ऑफ उस्मानाबाद’ १९७९ चे, तरवड बहुतेक ठिकाणी कॅसियात गणला जात होता तेव्हाचे. १९८२ मध्ये त्यातून लातूर वेगळा झाला, २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. त्या शीर्षकातला जिल्हा आज नकाशावर तसा उरलेला नाही. तरवडाची नोंद मात्र हरवत नाही, कारण प्रजाती बदलली तरी पहिले जातिनाम सोबत न्यायचे, असा नियम आहे. म्हणून दोन्ही नावांत तो ‘कान’ तसाच आहे.