फिरत्या गाडीवरील टाको : 'अस्सल'पणाच्या प्रश्नाचा ऐतिहासिक विचार

कॅलिफोर्निया आणि टेक्सस या राज्यांतील शहरांमधून मोटारदुरुस्तीच्या कारखान्याशेजारी, पेट्रोलपंपाच्या आवारात किंवा रिकाम्या वाहनतळावर संध्याकाळच्या सुमारास एखादा ट्रेलर उभा असलेला आढळतो. त्याच्या एका बाजूस खिडकी असते, आत लोखंडी तवा तापत असतो आणि गिऱ्हाइके उभ्यानेच खात असतात. तळहाताएवढ्या मक्याच्या दोन पातळ भाकऱ्या (तोर्तिया) एकावर एक ठेवावयाच्या, त्यांवर तव्यावर परतलेल्या मांसाचे बारीक तुकडे, कांदा, कोथिंबीर व तिखट सालसा घालावयाचा आणि वर लिंबू पिळावयाचे, हा टाको. गाडीवरील पाटीवर आणि खाणाऱ्यांच्या बोलण्यात त्याला एक विशेषण हमखास जोडलेले असते : 'अस्सल मेक्सिकन'. हे विशेषण इतिहासाच्या कसोटीस कितपत उतरते, आणि हा पदार्थ चाकांवरच का दिसतो, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. वरवर पाहता हे प्रश्न परस्परांहून निराळे भासतात. आमच्या मते दुसऱ्याचे उत्तर मिळाल्यावाचून पहिल्याचे मिळत नाही.

उघड्यावर शिजवून विकण्याची चाल मेक्सिकोत स्पॅनिश आक्रमणाच्या पूर्वीपासून आहे. एर्नान कोर्तेस याने १५२० मध्ये आपल्या राजास जे पत्र लिहिले, त्यात त्लातेलोल्को येथील बाजारात नित्य साठ हजार माणसे देवघेव करतात असे म्हटले आहे. जेत्यांच्या आकड्यांवर किती विसंबावे हे सुज्ञांस सांगावयास नको. परंतु त्या बाजारात शिजविलेले अन्नही विकले जात असे, याविषयी संशय नाही. त्याच शतकात बेर्नार्दिनो दे साआगुन या धर्मोपदेशकाने नाहुआट्ल भाषेत जो प्रचंड माहितीसंग्रह सिद्ध करविला, त्याच्या दहाव्या भागात तमाले विकणाऱ्यांचे आणि भाकऱ्या विकणाऱ्यांचे स्वतंत्र वर्णन आहे. चांगला विक्रेता कोणता व लबाड कोणता हेही त्यात सांगितले आहे. तमाले म्हणजे मक्याच्या वाटलेल्या पिठात सारण भरून कणसाच्या पानात गुंडाळून वाफविलेला पदार्थ. हळदीच्या पानातील पातोळ्या खाणाऱ्या कोकणातील वाचकांस त्याची कल्पना करणे कठीण नाही.

या सर्व अन्नाचा पाया म्हणजे मका शिजविण्याची एक विशिष्ट रीत. दाणे चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर तसेच ठेवतात, सकाळी चोळून टरफले काढतात आणि मग पाट्यावर वाटतात. या क्रियेस निश्तमाल करणे म्हणतात. चुन्यामुळे मक्यातील नायसिन हे जीवनसत्त्व शरीरास मिळण्याजोगे होते. युरोपियनांनी मक्याचे दाणे नेले, पण ते शिजविणाऱ्या स्त्रियांचे ज्ञान नेले नाही. परिणामी अठराव्या व एकोणिसाव्या शतकांत उत्तर इटलीत, आणि विसाव्याच्या आरंभी खुद्द अमेरिकेच्या दक्षिण भागात, मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा रोगाने थैमान घातले. पदार्थ घ्यावयाचा आणि तो करणाऱ्यास बाहेर ठेवावयाचे, या पुढील कथेत वारंवार येणाऱ्या प्रकाराचा हा पहिला दाखला होय.

येथे किंचित विषयांतर करावेसे वाटते. मिरची आणि पेरू ही त्याच खंडातील पिके पोर्तुगीजांच्या द्वारे आपल्याकडे येऊन इतकी रुळली की त्यांचे परकेपण आज कोणास जाणवतही नाही. उलट दिशेने गेलेला एक मराठी माणूस मात्र येथे बराच विस्मृत झाला आहे. वर्धा येथे जन्मलेले क्रांतिकारक पांडुरंग सदाशिव खानखोजे हे परागंदा होऊन मेक्सिकोत गेले, चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात त्यांनी अध्यापन केले आणि मक्याच्या सुधारित वाणांवर संशोधन केले. शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढण्याच्या कार्यातही त्यांचा पुढाकार होता. तीना मोदोत्ती हिने घेतलेल्या छायाचित्रांत ते मक्याच्या कणसांसह दिसतात. मेक्सिकोच्या भाकरीचा इतिहास लिहिताना त्यांचे नाव वगळणे मराठी लेखकास शोभणारे नाही.

खानखोजे ज्या पिकासाठी राबले, त्याला प्रत्यक्ष मेक्सिकोत सदैव मान होता असे नाही. १८९९ मध्ये फ्रान्सिस्को बुल्नेस या राजकीय विचारवंताने मनुष्यजातीची गहू, तांदूळ आणि मका खाणारे अशी विभागणी करून मका खाणाऱ्यांस मागासलेले ठरविले. शहरांतील वरिष्ठ वर्गाच्या दृष्टीने भाकरी हे इंडियनांचे व मजुरांचे खाणे होते. 'टाको' या शब्दाविषयी जेफ्री पिल्चर या इतिहासकाराने असे अनुमान मांडले आहे की, चांदीच्या खाणींत सुरुंगासाठी दारू कागदात गुंडाळून जी पुडी करीत, तिला टाको म्हणत, आणि त्यावरून खाणकामगारांच्या या गुंडाळलेल्या खाण्यास ते नाव पडले. अनुमान अंतिम मानण्याचे कारण नाही. मात्र पदार्थ कष्टकऱ्यांच्या वस्तीतून वर आला, एवढे त्यावरून ध्यानात येते.

आता टाकोतील जिनसा पाहू. मका, मिरची व टोमॅटो हे तेथील मूळचे. डुकराचे व गाईचे मांस, कांदा, कोथिंबीर आणि लिंबू हे सारे स्पॅनिशांच्या मागोमाग आलेले. ज्या 'आल पास्तोर' टाकोस आज पुष्कळ लोक मेक्सिकन खाद्यकलेचा मानदंड समजतात, तो तर उस्मानी साम्राज्यातून, विशेषतः लेबाननकडून, आलेल्या निर्वासितांची देणगी होय. उभ्या सळईवर फिरविलेले मांस त्यांनी प्वेब्ला शहरात १९३० च्या दशकात 'अरबी टाको' म्हणून रूढ केले. पुढे मेंढ्याच्या जागी डुक्कर आले, मसाल्यात मिरची व आचिओते आले, आणि अरब पाहुणा मेक्सिकन झाला. जिनसांच्या प्राचीनतेवर अस्सलपण ठरवू गेल्यास हातात मक्याची भाकरी आणि मिरची एवढेच उरेल. आणि आज त्या भाकरीचे पीठही पुष्कळदा पाट्यावरचे नसून कारखान्यातील असते.

मोडी दप्तरांवर काम करणाऱ्यांस 'अस्सल' हा शब्द चांगला परिचित आहे. अस्सल पत्र आणि त्याची नक्कल यांतील भेद ठरविताना आपण केवळ कागदाचे वय पाहत नाही. ते कोणाच्या हातचे, कोणाच्या दप्तरात राहिले आणि तेथून कसे बाहेर आले, हेही पाहतो. खाद्यपदार्थांस हीच कसोटी लावावी, असे आमचे मत आहे. त्यासाठी पाककृती बाजूस ठेवून विक्रेत्याकडे वळले पाहिजे.

टेक्ससमधील सॅन अँटोनिओ शहरातील 'चिली क्वीन्स' हे या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण आहे. १८८० च्या सुमारास तेथील मिलिटरी प्लाझा या चौकात सूर्यास्तानंतर मेक्सिकन स्त्रिया मेज व बाकडी मांडीत, कंदील लावीत आणि घरून शिजवून आणलेले चिली कॉन कार्ने, तमाले व एंचिलादा विकीत. सैनिक, गुराखी, गाडीवान, रेल्वेने आलेले प्रवासी, सारे एकाच बाकावर बसून खात. प्रवासवर्णनांतून त्यांची कीर्ती दूरवर गेली, ओ. हेन्रीच्या एका कथेतही त्या आल्या. या वर्णनांत विक्रेत्या स्त्रियांच्या डोळ्यांचे व केसांतील फुलांचे कौतुक भरपूर आढळते. पहाटे त्या किती वाजता घरी परतत, याचा उल्लेख क्वचितच. पुढे त्याच चौकाच्या मध्यभागी नगरपालिकेची इमारत उठली आणि त्यांना दुसऱ्या चौकात जावे लागले, तेथून पुन्हा तिसऱ्या. १९३७ मध्ये आरोग्यखात्याने त्यांची विक्री बंद केली. १९३९ मध्ये महापौर मॉरी मॅव्हरिक यांनी आरोग्याच्या अटी घालून ती पुन्हा सुरू करून दिली, परंतु १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात ती कायमची संपली.

हे चालू असता पदार्थाचे काय झाले? १८९० च्या दशकात विल्यम गेबहार्ट नावाच्या जर्मन गृहस्थाने मिरचीची तयार पूड बाटलीत भरून विकावयास प्रारंभ केला व तिचा व्यापार देशभर पसरला. १९७७ मध्ये टेक्ससच्या विधिमंडळाने चिली हे राज्याचे अधिकृत खाद्य म्हणून घोषित केले. ज्या स्त्रियांनी ते चौकात लोकप्रिय केले, त्यांना उठविल्यास तोवर सुमारे पस्तीस वर्षे झाली होती. स्वच्छतेचा प्रश्न खोटा होता असे आमचे म्हणणे नाही. उघड्यावरील विक्रीत पाण्याची व भांडी धुण्याची सोय अपुरी असणारच. तथापि सोय करून देणे आणि हुसकावून लावणे हे दोन्ही मार्ग खुले असता दुसराच पत्करला गेला, हे नोंदविणे इतिहासकाराचे काम आहे.

लॉस एंजेलिसची हकीकत याच वळणाची आहे. तेथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तमालेच्या घोडागाड्या रात्री फिरत. १९१० नंतरच्या मेक्सिकन क्रांतीच्या धामधुमीत हजारो लोक उत्तरेकडे आले व ही विक्री वाढली. १९३० मध्ये शहराच्या जुन्या भागात ओल्वेरा स्ट्रीट हा जुन्या मेक्सिकोची शोभा दाखविणारा बाजार पर्यटकांसाठी उघडण्यात आला. त्याला लागूनच असलेल्या चौकात २६ फेब्रुवारी १९३१ रोजी सरकारी अधिकाऱ्यांनी वाटा रोखून सुमारे चारशे लोकांना अडकवून ठेवले व त्यांच्या कागदपत्रांची चौकशी केली. मंदीच्या त्या काळात मेक्सिकन वंशाच्या असंख्य लोकांना, त्यांत जन्माने अमेरिकन नागरिक असलेल्यांनाही, देशाबाहेर जावे लागले. एका गल्लीत मेक्सिकोचे प्रदर्शन आणि लगतच्या चौकात मेक्सिकनांची धरपकड, या दोहोंत पुरते एक वर्षही गेले नाही.

दुसऱ्या महायुद्धात मजुरांची वाण पडली तेव्हा याच लोकांना पुन्हा बोलावणे गेले. १९४२ ते १९६४ या काळातील ब्रासेरो योजनेखाली सुमारे ४६ लाख करार झाले. शेतांवर, कारखान्यांच्या दारांत आणि बांधकामांवर दुपारचे जेवण पोचविणाऱ्या मोटारगाड्यांना स्पॅनिशमध्ये 'लोंचेरा' हे नाव पडले. शब्द इंग्रजी 'लंच'वरून घडलेला, प्रत्यय स्पॅनिश. गाडी अमेरिकन, तवा मेक्सिकन. भाषाशास्त्राच्या अभ्यासकांस याहून सुटसुटीत उदाहरण मिळणे विरळा. १९७४ मध्ये राउल मार्टिनेझ यांनी आइस्क्रीमची एक जुनी गाडी घेऊन तीत स्वयंपाकाची व्यवस्था केली आणि पूर्व लॉस एंजेलिसमध्ये एका मद्यगृहाबाहेर टाको विकावयास आरंभ केला. त्यातून 'किंग टाको' ही उपाहारगृहांची मालिका उभी राहिली. त्यापूर्वीच, १९६२ मध्ये, ग्लेन बेल यांचे 'टाको बेल' डाउनी येथे सुरू झाले होते. बेल यांनी टाकोची विद्या सॅन बर्नार्डिनो येथील मेक्सिकन उपाहारगृहात, समोरच्या दुकानात राहून, शिकून घेतली होती. एकास चार भिंती व भांडवल लाभले, दुसऱ्यास आरंभी चाके.

चाके ही सोय होती, तशीच ती कायद्याशी केलेली तडजोडही होती. एका जागी बसणाऱ्यास हाकलणे सोपे. गाडी पुढे सरकते. ट्रेलरला तर स्वतःचे इंजिनही लागत नाही. मागे जोडून आणावा, सोडवून ठेवावा, रात्री ओढून न्यावा. म्हणून नियमांचा रोख थांबण्याच्या अवधीवर वळला. एप्रिल २००८ मध्ये लॉस एंजेलिसच्या जिल्हा-प्रशासनाने आपल्या हद्दीत एकाच ठिकाणी तासाहून अधिक वेळ थांबणाऱ्या खाद्यगाडीस १,००० डॉलरपर्यंत दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद ठरविली. स्थायी उपाहारगृहांच्या चालकांची तक्रार होती की आम्ही भाडे भरतो आणि गिऱ्हाईक गाडीकडे जाते. ती तक्रार सर्वस्वी निराधार नव्हती. पण पदार्थ विकणाऱ्यास तुरुंग, हा तिच्यावरील उपाय नव्हे. 'भाजलेले मांस हा गुन्हा नव्हे' अशा अर्थाची घोषणा घेऊन गिऱ्हाइकांनी मोहीम उघडली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्यायालयाने संदिग्धतेच्या कारणावरून तो नियम रद्द ठरविला. नोव्हेंबर २००८ मध्ये रॉय चोई यांची कोरियन टाकोची 'कोगी' ही गाडी रस्त्यावर आली, आणि पाहता पाहता खाद्यगाड्या सुशिक्षित तरुणांच्या आवडीचा विषय झाल्या. तीच गाडी, तीच खिडकी. केवळ खाणारा बदलताच वृत्तपत्रांचा सूर पालटला. चोई यांच्या कौशल्याविषयी आम्हांस आदर आहे. परंतु लोंचेरा चालविणाऱ्यांची आधीची कित्येक वर्षे या स्तुतीत झाकून गेली, हे खरे.

तेव्हा 'अस्सल' म्हणजे काय? आमच्या मते, पाककृतीची शुद्धता हा त्याचा अर्थ टिकत नाही. ज्या हातांनी, ज्या गिऱ्हाइकांसाठी आणि विक्रीच्या ज्या परिस्थितीत तो पदार्थ पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्या परंपरेत खंड न पडणे, एवढाच अर्थ उरतो. त्या न्यायाने पाहता रात्रपाळीच्या मजुरास टाको वाढणारा ट्रेलर हा त्लातेलोल्कोच्या बाजारातील विक्रेत्याचा आणि मिलिटरी प्लाझातील स्त्रियांचा वारस ठरतो, मग त्याची तोर्तिया कारखान्याची असो. २०१० मध्ये युनेस्कोने पारंपरिक मेक्सिकन पाकपरंपरेस मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. तो सन्मान पदार्थांचा झाला. विक्रेत्याच्या हक्काची कागदपत्रे निराळ्या दप्तरांत शोधावी लागतात.

अशा कागदपत्रांपैकी अलीकडील एक महत्त्वाचे आहे. फौजदारी शिक्षेची नोंद झाल्यास परदेशी विक्रेत्यास हद्दपारीचा धोका वाढतो, हे ओळखून लॉस एंजेलिस शहराने २०१७ मध्ये पदपथावरील विक्री गुन्ह्यांच्या यादीतून काढली, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये संमत झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०१९ पासून सबंध कॅलिफोर्निया राज्यात तीच तरतूद झाली. २०२२ मध्ये आरोग्यविषयक नियमही लहान विक्रेत्यांस पाळता येतील असे सुधारण्यात आले. त्यानंतर जून २०२५ मध्ये संघसरकारच्या अधिकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरात स्थलांतरितांची धरपकड सुरू केली. पकडल्या गेलेल्यांत रस्त्यावरील विक्रेतेही होते, आणि राज्याचा परवाना जवळ असूनही कित्येकांनी त्या आठवड्यांत आपल्या गाड्या बाहेर काढल्या नाहीत.